वेदी वळण्याआधीचं वर्ष

रविवार, 29 नोव्हेंबर 1964. पहाटेचे पाच वाजून गेलेत आणि तुम्ही वसईच्या पश्चिम पट्ट्यात एका वाडीच्या वाटेवर उभे आहात. गाव नंदाखाल समजा, गास समजा, भुईगाव किंवा सांडोर समजा. आज या सगळ्या गावांत सारखंच चाललं आहे. दोन्ही बाजूंना केळी, त्यांच्या पानांवरून दव टपकतंय. पलीकडे पानवेली, मधून पाटाचं पाणी. विहिरीवरचा रहाट थांबलेला आहे, कारण आज आयतार. देवळाची पहिली घंटा होते आणि घराघरांतून कंदील बाहेर पडतात.

तुमच्या पुढे एक आजी चालल्या आहेत. लाल लुगडं, डोक्यावरून घेतलेला पदर, हातात जपमाळ. काल मध्यरात्रीपासून त्यांनी पाण्याचा थेंबही घेतलेला नाही. खरं तर आठच दिवसांपूर्वी, 21 नोव्हेंबरला, रोममध्ये पोप सहावे पॉल यांनी प्रभूभोजनाआधीचा उपास तासाभरावर आणला. तुम्ही हे त्यांना सांगून पाहा. त्या वळूनही न बघता म्हणतील, "देव घरात यायचा तर घर रिकामं नको का ठेवायला, बाळा?"

आजच्या दिवसाला तुम्ही मुद्दाम आला आहात. सरकारी वर्ष जानेवारीत बदलतं, शेजारच्या हिंदू घरांत पाडव्याला गुढी उभी राहते. या देवळातलं वर्ष आज बदलतं. आगमनकाळाचा पहिला रविवार. नाताळाची वाट पाहण्याचे चार आठवडे आजपासून मोजायचे. फटाके नाहीत, नवे कपडे नाहीत. फादर आत येतात ते जांभळ्या वस्त्रांत. जांभळा म्हणजे तयारीचा आणि प्रायश्चित्ताचा रंग. वर्षभरात तुम्ही या रंगांवरूनच तारीख ओळखायला शिकाल: नाताळ आणि ईस्टरला पांढरा, हुतात्म्यांच्या आणि पवित्र आत्म्याच्या दिवशी तांबडा, साध्या रविवारी हिरवा, मेलेल्यांसाठी काळा. इथल्या लहान मुलांना वाचता येण्याआधी हे येतं.

आत जा. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. बहुतेकजण फरशीवरच बसलेत. फादर वेदीकडे तोंड करून उभे आहेत, तुमच्याकडे त्यांची पाठ आहे. ते लॅटिनमध्ये पुटपुटतात आणि वेदीच्या पायरीवर गुडघे टेकलेला दहा वर्षांचा अल्टर बॉय त्याच भाषेत उत्तर देतो. त्याला अर्थ माहीत नाही, पण एकही अक्षर चुकत नाही. फादर मधूनच वळतात, हात पसरतात, "दोमिनुस वोबिस्कुम" म्हणतात आणि परत वळतात. तुमच्या शेजारची बाई तोवर जपमाळेच्या तिसऱ्या दशकावर पोचली आहे.

तुम्हाला वाटेल, इथे दोन वेगळ्याच प्रार्थना चालल्यात: वेदीवर एक, जमिनीवर दुसरी. थोडं थांबा. छोटी घंटा वाजते. जपमाळ थांबते, खोकले थांबतात, आईच्या मांडीवरचं मूलही मान वर करतं. फादर दोन्ही हातांनी भाकर उंच धरतात आणि सगळं देऊळ एकदम वाकतं. या क्षणी काय घडतं आहे हे या माणसांना पक्कं ठाऊक आहे. शब्द कळत नाहीत, घटना कळते. गेली चारशे वर्षं या लोकांना काहीच समजत नव्हतं असं म्हणणाऱ्यांना मी इथे आणून उभं करीन.

चारशे वर्षं हा ढोबळ आकडा नाही. 1534 साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि पुढच्या काही दशकांत या पट्ट्यात चर्च उभी राहिली. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. इथली सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती माणसं गेली नाहीत. वाड्या त्यांच्या होत्या, विहिरी त्यांच्या होत्या आणि आतापर्यंत हे वर्षही त्यांचं झालं होतं. राजा बदलला तरी राखेचा बुधवार आला, झावळ्यांचा रविवार आला. माझ्या मते वसईच्या इतिहासातली ही सर्वांत कमी सांगितलेली गोष्ट आहे: इथला धर्म किल्ल्याने राखला नाही, वाड्यांनी राखला.

मिस्सा संपण्याआधी प्रवचन. हे मराठीत आहे, नेहमीच असतं. आज फादर लवकर आवरतात, कारण सगळ्यांचं लक्ष मुंबईकडे लागलेलं आहे. कालपासून तिथे अडतिसावी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस सुरू झाली आहे आणि बुधवारी स्वतः पोप येणार आहेत. याआधी एकही पोप भारतात आलेला नाही.

तुम्ही गावकऱ्यांबरोबर मुंबईला निघा. याच दिवसांत निर्मळला शंकराचार्यांच्या समाधीची यात्रा भरते, त्यामुळे रस्त्यांवर बैलगाड्यांची आणि माणसांची गर्दी दुप्पट आहे. यात्रेत सुकेळी घेऊन मग मुंबईची गाडी पकडणारी ख्रिस्ती कुटुंबं तुम्हाला दिसतील. बसीन रोड स्टेशन, तेव्हा पाटीवर हेच नाव आहे. लोकल चर्चगेटपर्यंत जाते आणि चर्चगेटला उतरलं की समोरच ओव्हल मैदान. डब्यात पायाशी जेवणाची फडकी बांधलेली, वरती जपमाळेचा आवाज. ज्या बायका आगाशीच्या बाजाराच्या पलीकडे फारशा गेलेल्या नाहीत त्या आज समुद्राकाठच्या या शहरात शिरतात.

2 डिसेंबरला सहावे पॉल एअर इंडियाच्या विमानाने सांताक्रूझला उतरतात. रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्यांत ख्रिस्ती किती आणि इतर किती हे सांगता येणार नाही, पण हिंदू, मुसलमान, पारशी मोठ्या संख्येने आहेत हे डोळ्यांनी दिसतं. यजमान आहेत कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस, मुंबईचे आर्चबिशप, भारताचे पहिले कार्डिनल. दुसऱ्या दिवशी निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना पोप बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना उद्धृत करतात. असतापासून सताकडे, अंधारातून उजेडाकडे नेण्याची ती मागणी रोमच्या गुरूच्या तोंडी ऐकू येते तेव्हा फादर लोकांच्या रांगेत काय हालचाल होते ते पाहा. यांतल्या वसईच्या तरुण फादरांनी संस्कृत शाळेत शिकलेलं आहे. देवळात मात्र ते लॅटिन बोलतात. त्या दोन गोष्टी एकत्र येऊ शकतात हा विचार आज पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने उच्चारला गेला आहे. पोप 5 तारखेला जातात. या भेटीत वापरलेली मोटार ते मदर तेरेसांना देऊन जातात.

गावात परत या, नाताळ जवळ आलाय.

त्याबद्दल फार सांगत नाही. नाताळ तुम्हाला ठाऊक असतो. घरोघर गोठा उभा राहतो, गवत आणि माती वाडीतली. बांबूच्या कामट्यांची चांदणी कागद लावून अंगणात टांगली जाते. बायका रात्री जागून नेवऱ्या तळतात. 24 च्या मध्यरात्री गॅसबत्त्यांच्या उजेडात देऊळ भरून बाहेर सांडतं. वेदीवर पांढरी वस्त्रं, चार आठवडे बंद असलेलं गौरवगीत परत येतं आणि सगळ्या घंटा एकदम वाजतात. फादर आज तीन मिस्सा करतात, एक रात्री, एक पहाटे, एक दिवसा. फक्त एक लक्षात ठेवा: इथे नाताळ 25 तारखेला सुरू होतो, संपत नाही. तीन राजांच्या सणापर्यंत, 6 जानेवारीपर्यंत, गोठा हलत नाही.

जानेवारी-फेब्रुवारी लग्नांचा. उपवासकाळात लग्न लागत नाही म्हणून सगळी घाई आताच. मांडव, बँड, उंबराचं पाणी आणायला निघालेल्या बायका. 2 फेब्रुवारीला मेणबत्त्या आशीर्वादित होतात. त्यातली एक प्रत्येक घर जपून ठेवतं, मरणाऱ्या माणसाच्या हातात देण्यासाठी. त्याच आठवड्यात संत गोन्सालो गार्सियांचं स्मरण. वसईत जन्मलेला हा माणूस 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि 1862 साली संत म्हणून घोषित झाला. भारतात जन्मलेल्यांत तो पहिला. गासच्या चर्चला त्याचं नाव आहे. इथली मुलं त्याच्याबद्दल बोलताना तो शेजारच्या आळीतला असल्यासारखं बोलतात.

आता 3 मार्च 1965, बुधवार. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख फादर बोटाने तुमच्या कपाळावर लावतात आणि तुम्ही माती आहात, मातीला मिळाल, हे लॅटिनमध्ये सांगतात. हे एक वाक्य मात्र सगळ्यांना कळतं, कारण याचा अर्थ पिढ्यान् पिढ्या घरात सांगितला गेला आहे. शेतकऱ्याला माती म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. बाहेर पडल्यावर कपाळ कोणी पुसत नाही. दुपारी बागेत पाणी धरतानाही राख तशीच असते.

पुढचा रविवार पाहण्यासाठी तुम्ही एवढा प्रवास केलात. 7 मार्च, उपवासकाळाचा पहिला रविवार. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेबद्दलचा दस्तऐवज मंजूर केला, त्याच्या अंमलबजावणीचे नियम गेल्या सप्टेंबरात निघाले आणि ते जगभर आजपासून लागू होतात. रोममध्ये आज पोप एका साध्या धर्मग्रामात जाऊन इटालियनमध्ये मिस्सा करतायत. वाचनं, लोकांनी द्यायची उत्तरं, पुष्कळशा प्रार्थना आता लोकांच्या भाषेत करायची मुभा आहे. मिस्सेच्या मध्यभागाची मोठी प्रार्थना मात्र अजून लॅटिनमध्येच राहणार. आणि संपल्यावर वाचायचा योहानाच्या शुभवर्तमानाचा तो नेहमीचा उतारा आजपासून गळाला.

गावात हा बदल एका दिवसात उतरत नाही. भाषांतर करायचं, तपासायचं, मान्यता मिळवायची, छापायचं. 'सुवार्ता' मासिक दहा वर्षांपासून निघतंय, त्यामुळे मराठी लिहिणारे हात तयार आहेत. तरी वेदीवरची मराठी कोणती हा प्रश्न उरतोच. सामवेदी घरात बोलतात ती? वाडवळी? कोळी? की पुण्याच्या पुस्तकातली? हे वाद सभागृहात होत नाहीत, फादरांच्या ओसरीवर होतात आणि त्यांत गावचे मास्तर, बागायतदार, घंटा वाजवणारा म्हातारा असे सगळे बोलतात. शेवटी पुस्तकी मराठीच जिंकते, आणि मला वाटतं तो निर्णय बरोबर होता. तीन बोलींची माणसं एका वेदीसमोर येतात. तिथे सगळ्यांची, म्हणून कोणा एकाची नाही अशी भाषा हवी होती. पण त्या निर्णयाने काही घरगुती शब्द वेदीपासून दूर राहिले, हेही तितकंच खरं.

वर्षाच्या पुढच्या एखाद्या रविवारी तुम्ही त्याच देवळात बसलेले असाल आणि फादर वळतील. नेहमीसारखे हात पसरतील आणि म्हणतील, "प्रभू तुमच्याबरोबर असो." काही क्षण कोणीच काही बोलणार नाही. उत्तर द्यायचं काम आजवर अल्टर बॉयचं होतं. मग पुरुषांच्या बाजूने दोघे-तिघे उत्तर देतील, चाचरत, मग बायका. ती पहिल्या दिवशीची आजी जपमाळ हातात तशीच धरून बसली आहे. मणी पुढे सरकत नाहीत. ती ऐकतेय. पौलाचं पत्र तिला आयुष्यात प्रथमच वेदीवरून थेट, तिच्या भाषेत, वाचून दाखवलं जातंय. घरी जाताना विचाराल तर ती म्हणेल, "लॅटिनमध्ये बरं होतं, देवाचं वाटायचं." आणि पाच पावलं गेल्यावर, "पण त्या पत्रातलं ते परत एकदा सांग मला."

या दोन्ही वाक्यांत तिचं खरं आहे. बदलाच्या बाजूचे आणि विरुद्धचे लोक नंतर दोहोंतलं एकेकच उचलून भांडत बसले.

उपवासकाळ पुढे सरकतो. दर शुक्रवारी क्रुसाची वाट, चौदा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी गुडघे. 4 एप्रिलच्या रविवारी देवळातल्या सगळ्या मूर्तींवर जांभळी वस्त्रं चढतात आणि देऊळ अनोळखी होऊन जातं. 11 तारखेला झावळ्या. माड घरचेच, मुलं कोवळ्या पात्यांचे क्रूस विणतात, ते वर्षभर देव्हाऱ्यात राहतील आणि पुढच्या वर्षी राख होतील.

15 एप्रिल, आज्ञा गुरुवार. मिस्सा संध्याकाळी आहे. दहा वर्षांपूर्वीपर्यंत ती सकाळी असायची; 1955 साली बाराव्या पायसनी पवित्र आठवड्याच्या वेळा मूळच्या घटनांच्या वेळेशी जुळवल्या. गौरवगीताच्या वेळी सगळ्या घंटा वाजतात आणि मग गप्प होतात, शनिवारच्या रात्रीपर्यंत. लाकडी खुळखुळ्याचा कोरडा आवाज त्यांची जागा घेतो. फादर गावातल्या बारा पुरुषांचे पाय धुतात. हे पाय नीट पाहा: चिखलाने फुटलेल्या टाचा, मासे ओढताना दोराने कापलेली बोटं. वरच्या आळीतला जमीनवाला आणि त्याच्याकडे मजुरीला येणारा एकाच बाकावर बसलेत आणि त्यांच्यापुढे फादर गुडघे टेकून आहेत. वर्षातल्या इतर दिवशी गावात असं दृश्य दिसत नाही, म्हणूनच ते दरवर्षी करावं लागतं.

नंतर वेदीवरचं सगळं उतरवलं जातं. मध्यरात्रीपर्यंत आळीपाळीने जागरण. तुमच्या वाट्याला दहा ते अकरा आलाय. बाहेर पडाल तेव्हा आकाशात चैत्री पौर्णिमेचा चंद्र. ईस्टर नेहमी वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढच्या रविवारी येतो, म्हणून पवित्र आठवडा कायम चांदण्यातच असतो. पलीकडच्या गावातल्या देवळात याच दिवसांत हनुमान जयंती झाली. एकाच चंद्रावर दोन्ही गावांचा हिशेब चालतो. त्यासाठी कोणाला सलोख्याचं भाषण करावं लागलेलं नाही.

शुक्रवारी दुपारी फादर काळ्या वस्त्रांत येतात आणि काही न बोलता रिकाम्या वेदीपुढे जमिनीवर पालथे पडतात. नुसती शांतता. मग योहानाने लिहिलेली दुःखसहनाची कथा, मग जगातल्या सगळ्या प्रकारच्या माणसांसाठी एकेक प्रार्थना, दर वेळी गुडघे आणि परत उभं. मग झाकलेला क्रूस तीन टप्प्यांत उघडला जातो आणि सगळं गाव रांगेने त्याचं चुंबन घेतं. त्या रांगेला दीड तास लागला तरी कोणी पुढे घुसत नाही. संध्याकाळी येशूच्या मृतदेहाची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक, मागे दुःखी मातेची. बायका रडतात आणि ते रडणं खरं असतं. ज्या घरात यंदा मयत झालंय त्या घरची बाई मातेच्या मूर्तीमागून चालते.

शनिवारी रात्री बाहेर अंगणात गारगोटीने ठिणगी पाडून विस्तव पेटवतात. फादर मोठ्या मेणबत्तीवर क्रूस कोरतात, त्याच्या चार कोपऱ्यांत आकडे: 1, 9, 6, 5. तुमचं साल मेणात कोरलं जाताना पाहा. मग अंधाऱ्या देवळात एकच ज्योत आत शिरते आणि हातोहाती पसरत जाते. पाणी आशीर्वादित होतं. आणि आता एक गोष्ट लक्ष देऊन ऐका: बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण. सैतानाला नाकारता का? नाकारतो. देवावर श्रद्धा आहे का? आहे. हे मराठीत चाललंय, आणि 7 मार्चच्या नियमांमुळे नाही. बाराव्या पायसनी ईस्टरची रात्र परत आणली तेव्हाच एवढा भाग लोकांच्या भाषेत करायची परवानगी दिली होती. लॅटिनच्या ऐन मध्यावर मराठीची ही पायरी आधीच बांधली गेली होती. ज्या प्रश्नाला माणसाने स्वतः उत्तर द्यायचं, तो प्रश्न त्याच्याच भाषेत विचारावा लागतो हे रोमलाही कळलं होतं. बाकीचं सगळं यातूनच आलं असं मी मानतो.

मे महिना मारियेचा. शाळांना सुट्टी, संध्याकाळी वाडीवाडीच्या क्रुसापुढे मोगऱ्याची फुलं आणि जपमाळ. याच सुमारास छपरं शाकारायची, लाकूडफाटा भरायचा, सुकी मासळी साठवायची. 6 जूनला पवित्र आत्म्याचा सण, तांबडी वस्त्रं. नंदाखालचं चर्च याच पवित्र आत्म्याच्या नावाचं आहे.  दोन-चार दिवसांत वारा फिरतो, पाऊस येतो. ढगांकडे डोळे लावून बसलेल्या बागायतदाराला आकाशातून येणाऱ्या आत्म्याबद्दल प्रवचन समजावून द्यावं लागत नाही. मग हिरव्या वस्त्रांचे लांबलचक रविवार, लावणी, चिखल. 29 जूनला संत पेत्राचा दिवस. तो मासेमारीच करत होता, आणि कोळ्यांच्या होड्या तेव्हा पाचूबंदरला किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. 15 ऑगस्ट यंदा रविवारी आहे: देवळात मारियेचं स्वर्गारोहण, शाळेत झेंडा, आणि दोन्हीकडे तीच मुलं त्याच इस्त्रीच्या कपड्यांत.

सप्टेंबरात वर्ष काळवंडतं. पाकिस्तानशी युद्ध सुरू होतं, मुंबईत ब्लॅकआउट. 8 तारखेला मारियेचा जन्मदिवस, त्या सुमारास वांद्र्याच्या मोतमावलीची जत्रा. दरवर्षी वसईहून भरभरून माणसं जातात. यंदा अनेकजण घरीच थांबतात. खिडक्यांना काळा कागद लावून आत शांतीसाठी जपमाळ म्हटली जाते. 23 सप्टेंबरला युद्धविराम होतो. ऑक्टोबरात पुन्हा रोज संध्याकाळी क्रुसापुढे माणसं जमतात, आणि ज्यांचे मुलगे सैन्यात आहेत त्यांच्यासाठी एक दशक जादा म्हटलं जातं.

आणि मग नोव्हेंबर. 1 तारखेला सगळ्या संतांचा दिवस, दुसऱ्या दिवशी सगळ्या मृतांचा. मला या वर्षातला हा दिवस सर्वांत जवळचा वाटतो. आठवडाभर आधी लोक स्मशानभूमीत फावडी घेऊन येतात, पावसाळ्याचं गवत काढतात, थडग्यांना चुना लावतात. 2 तारखेला फादर काळी वस्त्रं घालतात आणि पुन्हा तीन मिस्सा करतात. पहिल्या महायुद्धातल्या अगणित मृत्यूंच्या काळात, 1915 साली, पोप पंधराव्या बेनेडिक्टनी ही परवानगी सगळ्या धर्मगुरूंना दिली. देवळाच्या मध्यभागी रिकामी तिरडी ठेवलेली असते, काळ्या कापडाने झाकलेली, भोवती सहा मेणबत्त्या. त्यात कोणीच नसतं, म्हणून प्रत्येकजण त्यात आपलं माणूस पाहतो. मिस्सा झाली की सगळे स्मशानात. झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, उदबत्त्या. फादर थडग्यांमधून पवित्र पाणी शिंपडत जातात. बायका आपल्या माणसाशी मोठ्याने बोलतात: धाकटीचं लग्न ठरलं, विहिरीला इंजिन बसवलं, गाय व्याली. ही भाषा कुठल्याच पुस्तकात नाही, ही त्यांची घरातली सामवेदी. वेदीवर जिला जागा मिळाली नाही तिला इथे, मातीजवळ, पूर्ण जागा आहे.

28 नोव्हेंबर 1965. फादर पुन्हा जांभळ्या वस्त्रांत. दहा दिवसांनी, 8 डिसेंबरला, रोममध्ये परिषद संपेल. चार वर्षांनी, 30 नोव्हेंबर 1969 च्या आगमनकाळात, नवी मिस्सा लागू होईल. मधल्या काळात आणि त्यानंतर गावोगावच्या वेद्या भिंतीपासून सुटून लोकांकडे वळतील, लॅटिन हळूहळू निघून जाईल. काळी वस्त्रं, रिकामी तिरडी, देवळाच्या कठड्याशी गुडघे टेकून जिभेवर घ्यायचं प्रभूभोजन हेही विरत जाईल. वाचायला मराठी मिळाल्यावर इथले लोक मराठीत आणखीही लिहू लागतील. नंदाखालच्या एका मुलाने पुढे धर्मगुरू होऊन बायबल सुबोध मराठीत आणलं, 'सुवार्ता'चं संपादन केलं आणि 2020 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 1998 साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

लॅटिन गेलं याचं मला दुःख नाही. ती आजी पौलाचं पत्र परत सांग म्हणाली, तेवढ्यासाठी तो बदल करण्यासारखा होता. खंत एवढीच की जुन्या वर्षातल्या अनेक गोष्टी कोणी लिहून ठेवल्या नाहीत: खुळखुळा कोणत्या लाकडाचा होता, मिरवणूक कोणत्या आळीतून आधी जायची, स्मशानात मेलेल्यांशी बोलताना सुरुवात कशी करायची.

1965 साली वेदीच्या पायरीवर गुडघे टेकणारा दहा वर्षांचा मुलगा आज सत्तरीच्या पलीकडे आहे. वसईत, वांद्र्यात, उत्तनला, गोव्यात किंवा कॅनडात राहणाऱ्या मुलाच्या घरी असा एखादा म्हातारा तुमच्या नात्यात असेल. त्याच्या शेजारी बसा. त्याला ती लॅटिन उत्तरं म्हणायला सांगा, त्याला अजून येतात. मग त्याच्या गावातल्या एका वर्षाबद्दल विचारा, आगमनकाळापासून सुरुवात करून, आणि तो सांगेल ते त्याच्याच बोलीत, गावाच्या नावासकट, लिहून ठेवा.